‘फॉरमॅट मारला’ तरी व्हायरस परत का येतो?

संपादक महोदय,

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात जवळजवळ रोज वाचायला मिळतात आणि त्यांचा भर स्वाभाविकच मोबाइल, ओटीपी आणि बँक खाते यांवर असतो. मात्र मुलांच्या अभ्यासाच्या, छोट्या दुकानाच्या हिशेबाच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या कामकाजाच्या घरगुती संगणकात शिरलेला आणि काही केल्या न निघणारा व्हायरस हा विषय मागे पडतो. एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल मी बरीच वर्षे केली असून निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीची मंडळी आपापले लॅपटॉप घेऊन येत असतात. त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकाच साच्याची असते : दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणला, पैसे मोजले आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा तेच सुरू झाले. हे वारंवार पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, व्हायरसच्या चिवटपणापेक्षा तो काढण्याच्या आपल्याकडच्या रूढ पद्धतीत अधिक दोष आहे. त्याविषयी काही गोष्टी आपल्या वाचकांपुढे मांडाव्यात, म्हणून हे पत्र.

परवान्याचा मुद्दा आधी घेतो, कारण गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच असते. विंडोज ८ च्या काळापासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. अशा लॅपटॉपवर त्याच आवृत्तीची, म्हणजे बहुतेक घरांत ‘होम’ आवृत्तीची, विंडोज मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून पुन्हा भरली, तर इंटरनेट जोडताच ती आपोआप अधिकृत ठरते. किल्ली टाकावी लागत नाही आणि कोणाला वेगळे पैसेही द्यावे लागत नाहीत. ग्राहकाने लॅपटॉप घेतानाच विंडोजची किंमत चुकती केलेली असते. असे असूनही अनेक दुकानांत कारागिराच्या खिशातल्या पेनड्राइव्हवरची ‘प्रो’ आवृत्ती सरसकट सगळ्या यंत्रांवर चढवली जाते, ‘ॲक्टिव्हेटर’ नावाच्या चोरट्या प्रोग्रामने ती चालू करून दिली जाते आणि क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेले, ऑफिस, फोटोशॉप, कोरलड्रॉ हेही वर मोफत भरून मिळते. हा ॲक्टिव्हेटर चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि पुढे तो पकडला जाऊ नये म्हणून विंडोजमध्येच असलेल्या ‘डिफेंडर’ या अँटिव्हायरसच्या अपवादांच्या यादीत त्याचा फोल्डर, क्वचित अख्खा सी ड्राइव्ह, नोंदवून ठेवला जातो. मग त्या जागी काहीही येऊन बसले तरी डिफेंडर तिकडे ढुंकूनही पाहत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले होते की, केएमएसपिको या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा माहिती चोरणारा प्रोग्राम पसरवला जात होता. दुरुस्तीचे पैसे देऊन आपण नेमके काय घरी आणतो, याचा विचार ग्राहकाने करायला हवा.

आपल्या यंत्रावर कोणती प्रत बसवली आहे, याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबल्यावर येणाऱ्या ‘रन’ चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘एक्सपीआर’ असे टंकून एंटर दाबले की एक छोटी खिडकी उघडते. स्वतः विकत घेतलेल्या घरगुती लॅपटॉपवर त्या खिडकीत ‘व्हॉल्यूम’ परवाना अमुक तारखेला संपेल असे दिसले, तर मोठ्या कार्यालयांसाठी असलेली १८० दिवसांची व्यवस्था वापरून ती प्रत चालू केलेली आहे असे समजावे. परवाना कायमस्वरूपी असल्याचे दिसले म्हणजे मात्र सारे आलबेल आहे असे नव्हे, कारण तसे भासवणारी साधनेही आहेत. म्हणून खरेदीच्या वेळी ‘होम’ असलेली आवृत्ती दुरुस्तीनंतर ‘प्रो’ कशी झाली, हा साधा प्रश्न दुकानदाराला विचारणे अधिक उपयोगी ठरते.

समजा विंडोज अधिकृत आहे आणि फॉरमॅटही नीट झाला आहे. तरीही काही जागा त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. त्यांतली पहिली म्हणजे ब्राउझर. येथे आधी सांगितले पाहिजे की, व्हायरसच्या तक्रारींपैकी बराच भाग व्हायरसचा नसतोच. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ असे इशारे सतत येत असतील, तर ती बहुधा एखाद्या संकेतस्थळाची नोटिफिकेशन असतात. कोणीतरी केव्हातरी सिनेमा किंवा क्रिकेट पाहण्याच्या घाईत ‘अलाऊ’ दाबलेले असते. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडून अनोळखी संकेतस्थळे काढून टाकली की उपद्रव थांबतो, आणि तेवढ्यासाठी अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज नसते. खरा त्रासदायक प्रकार म्हणजे दुष्ट एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडला जाणारा छोटा पूरक प्रोग्राम. संगणक पुसून झाल्यावर आपण क्रोममध्ये आपल्या खात्याने प्रवेश करतो, सिंक (खात्यात जपलेल्या गोष्टी यंत्रावर परत आणणारी सोय) सुरू होते आणि जुनी एक्स्टेन्शन खात्यातून पुन्हा उतरतात. त्यांत ते दुष्टही असते. म्हणून एक्स्टेन्शनची साफसफाई फॉरमॅटच्या आधी करावी. ब्राउझरच्या मेनूत तळाशी ‘हा ब्राउझर तुमची संस्था व्यवस्थापित करते’ अशा अर्थाची ओळ घरगुती संगणकावर दिसत असेल, तर एखाद्या प्रोग्रामने धोरणाच्या, म्हणजे कार्यालयांना ब्राउझर बाहेरून नियंत्रित करता यावा म्हणून दिलेल्या ‘पॉलिसी’च्या, मार्गाने एक्स्टेन्शन किंवा शोधयंत्र लादल्याची शक्यता तपासावी. काही अँटिव्हायरसही अशी ओळ आणतात, त्यामुळे ती दिसताच घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी जागा पेनड्राइव्ह. झेरॉक्सचे दुकान, फ्लेक्स छापणारा, शाळेचा संगणक कक्ष आणि घर अशी पेनड्राइव्हची फेरी आपल्या गावागावांत अजून चालू आहे, आणि ‘शॉर्टकट व्हायरस’ तिच्याच जोरावर जगतो. तो मूळ फायली लपवून त्यांच्या नावांचे शॉर्टकट पुढे करतो. आपण फोटोंचा फोल्डर समजून शॉर्टकटवर क्लिक करतो, फोल्डर उघडतोही, पण त्याआधी एक छोटी स्क्रिप्ट संगणकात शिरलेली असते. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय एका अपडेटने बंद केली, पण आपण स्वतः केलेले क्लिक कोण अडवणार? फायली बहुतेक वेळा नष्ट झालेल्या नसतात. एक्सप्लोररमध्ये लपलेल्या आणि ‘संरक्षित’ अशा दोन्ही प्रकारच्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडला की त्या दिसू लागतात, कधी कधी नाव नसलेल्या एखाद्या फोल्डरात. तेवढ्या उचलून घ्याव्यात आणि पेनड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करावा. पुष्कळ घरांत याच्या उलट घडते : संगणक स्वच्छ होऊन येतो आणि बॅकअपचा तोच पेनड्राइव्ह पहिल्या दिवशी त्याला लावला जातो.

तिसरी जागा कोणाच्या ध्यानीमनी नसते, ती म्हणजे भिंतीवरचा वायफाय राउटर. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. राउटरमधले डीएनएसचे पत्ते कोणी बदलले तर घरातले प्रत्येक यंत्र, अगदी नुकतेच खोक्यातून काढलेलेसुद्धा, चुकीच्या संकेतस्थळांवर पाठवले जाऊ शकते. डीएनएस-चेंजर या प्रोग्रामने मोठ्या प्रमाणावर संगणकांतले आणि काही ठिकाणी राउटरमधलेही हे पत्ते बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघडकीस आणली तेव्हा शंभरहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक त्याच्या कह्यात असल्याचे सांगण्यात आले, आणि त्यांचे इंटरनेट एकाएकी बंद पडू नये म्हणून न्यायालयाच्या परवानगीने पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. मोबाइलवर आणि संगणकावर, दोन्हींकडे, सारख्याच विचित्र जाहिराती येत असतील तर संगणक उघडण्याआधी राउटर रिसेट करावा आणि कारखान्यातून आलेला त्याचा पासवर्ड बदलावा.

हे सारे वगळल्यावर संगणकातच दडलेला व्हायरस उरतो. तो हट्टी वाटतो, कारण आपण त्याची फाइल काढतो आणि त्याला पुन्हा उठवणारी नोंद तशीच ठेवतो. हरळीचे शेंडे खुडले आणि जमिनीतली काडी राहिली की पहिल्या सरीला ती पुन्हा फुटते, तसाच हा प्रकार आहे. ही काडी टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामे सुरू करणारी सोय), रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) ‘रन’ नोंदीत, एखाद्या सर्व्हिसमध्ये (पडद्याआड चालणारा प्रोग्राम) किंवा स्टार्टअप फोल्डरात असते. तेव्हा इंटरनेट तोडावे. प्रथम डिफेंडरच्या अपवादांची यादी रिकामी करावी. मग स्थापित प्रोग्रामांची यादी तारखेनुसार लावून त्रास सुरू झाला त्या सुमाराचे अनोळखी प्रोग्राम काढावेत. आणि त्यानंतर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ हा तपास चालवावा. हा पर्याय विंडोज सिक्युरिटीत ‘स्कॅन ऑप्शन्स’खाली आधीपासूनच असतो, त्याला एक रुपयाही पडत नाही, संगणक रीस्टार्ट होऊन नेहमीची विंडोज सुरू होण्याआधी तो चालतो आणि साधारण पंधरा मिनिटांत संपतो. विंडोज झोपेत असतानाच तपास होत असल्याने, चालू स्थितीत स्वतःला लपवणारे प्रोग्राम तिथे उघडे पडतात. इतके हाताशी असलेले साधन दुरुस्तीच्या दुकानांत क्वचितच वापरले जाते, याचे मला नेहमी नवल वाटते. ज्यांच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलपात बंद, केलेली आहे, त्यांनी बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची रिकव्हरी किल्ली आधी लिहून ठेवावी. ती ऐन वेळी मागितली गेली आणि सापडली नाही तर व्हायरसपेक्षा मोठे नुकसान होते.

त्यानंतर दुसऱ्या एखाद्या साधनाने खात्री करावी. मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून तो दर वेळी नव्याने घ्यावा. जाहिरातबाज प्रोग्रामांसाठी ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ चांगला. कायमचे दोन अँटिव्हायरस एकत्र बसवू नयेत, ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. ज्यांना थोडी तांत्रिक जाण आहे त्यांनी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातले ‘ऑटोरन्स’ वापरावे : विंडोजसोबत आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट ते एका पडद्यावर मांडते, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी झाकण्याची सोय देते आणि उरलेल्यांची व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसांकडून फाइल तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर पडताळणीही करते. कंपनीच्या डिजिटल सहीविना, विचित्र नावाची आणि ‘ॲपडेटा’ किंवा ‘टेम्प’ फोल्डरातून चालणारी नोंद दिसली की संशय घ्यावा. ती लगेच पुसण्याऐवजी आधी तिच्यासमोरच्या चौकटीतली बरोबरची खूण काढून रीस्टार्ट करून पाहावे. येथे ‘रीस्टार्ट’ असे मुद्दाम म्हणतो आहे, कारण विंडोज १० आणि ११ मधले ‘शट डाउन’ बहुतेक यंत्रांवर आतली स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि तीच पुढच्या वेळी उचलते. शेवटी प्रॉक्सीची (इंटरनेटची वाहतूक मधल्या एखाद्या संगणकामार्फत वळवणारी) सेटिंग आणि ‘होस्ट्स’ (संकेतस्थळांचे पत्ते संगणकातच ठरवणारी) फाइल पाहावी. अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळेच उघडत नसतील तर कारण बहुधा या दोहोंत सापडते.

एवढे करूनही डिफेंडर आपोआप बंद पडत असेल, किंवा सॅलिटी, व्हिरट, रॅमनिट यांसारखा प्रत्येक प्रोग्राम-फाइलला चिकटणारा व्हायरस निघाला असेल, तर वेळ न दवडता विंडोज नव्याने भरावी. माझा आक्षेप फॉरमॅटला नाही, अर्धवट फॉरमॅटला आहे. आपल्याकडे सी ड्राइव्ह पुसला जातो आणि डी ड्राइव्हला हात लावला जात नाही. त्याच डी ड्राइव्हवर ‘सॉफ्टवेअर’ नावाच्या फोल्डरात जुने क्रॅक आणि इन्स्टॉलर जपून ठेवलेले असतात आणि संध्याकाळपर्यंत तेच पुन्हा चढवले जातात. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टचे अधिकृत साधन वापरून विंडोज उतरवावी आणि भरताना डिस्कवरचे सगळे विभाग काढून टाकावेत. फोटो, कागदपत्रे, हिशेबाचा डेटा आधी बाहेर घ्यावा, प्रोग्राम आणि इन्स्टॉलर घेऊ नयेत. ज्यांच्याकडे श्रीलिपीत टंकलेल्या जुन्या फायली आहेत त्यांनी आपले अधिकृत फॉन्ट आणि परवान्याची माहिती हाताशी ठेवावी, नाहीतर फायली शाबूत राहूनही अक्षर लागत नाही. फॉरमॅटनंतरही मदरबोर्डमध्ये टिकणारे व्हायरस असतात हे खरे. ईसेट या कंपनीने २०१८ मध्ये लोजॅक्स नावाचा असा प्रोग्राम उघड केला होता. पण त्याचा रोख युरोपातील सरकारी यंत्रणांवर होता. घरगुती संगणकात व्हायरस परत आला म्हणून मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो ऐकू नये.

संगणक स्वच्छ झाला म्हणजे प्रकरण संपले असे मानणे ही आणखी एक चूक. आजचे पुष्कळसे व्हायरस संगणकात मुक्काम करण्यापेक्षा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (आपण आधीच प्रवेश केला आहे हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) काही मिनिटांत उचलून निघून जातात. लुमा नावाच्या अशा चोरट्या प्रोग्रामची यंत्रणा मे २०२५ मध्ये मोडून काढताना मायक्रोसॉफ्टने सांगितले की, १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरात ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांना त्याची बाधा झालेली आढळली. क्रॅकशिवाय त्याचा एक मार्ग फारच साळसूद होता : ‘मी यंत्रमानव नाही’ हे सिद्ध करण्यासाठी मी वर सांगितलेलीच ‘रन’ चौकट उघडा, कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर करा, असे एखादे पान सांगते, आणि चोराची आज्ञा आपण स्वतःच चालवतो. कोणत्याही संकेतस्थळाच्या सांगण्यावरून त्या चौकटीत काहीही चिकटवू नये, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे. अशी शंका आल्यास दुसऱ्या यंत्रावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदलावा आणि प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा. कारण चोरलेली कुकी अनेक ठिकाणी पासवर्ड बदलल्यावरही चालत राहते. खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर त्याच क्षणी कळवावे, संगणक नंतर पाहता येतो.

फायलींची नावे बदलून त्या कुलूपबंद झाल्या असतील तर प्रकार निराळा. घरगुती संगणकांवर क्रॅकमधून येणाऱ्या अशा खंडणीखोर प्रोग्रामांत ‘स्टॉप’ ऊर्फ ‘डीजेव्हू’ हे घराणे कुप्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट या कंपनीने त्याच्या १४८ उपप्रकारांसाठी मोफत साधन दिले, पण नंतरच्या उपप्रकारांत बऱ्याच वेळा कुलपाची किल्ली चोराकडेच असते. अशा वेळी खंडणी देऊ नये, घाईने फॉरमॅटही करू नये. कुलूपबंद फायलींची प्रत बाजूला काढून ठेवावी आणि युरोपोल, नेदरलँड्स पोलीस व सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर आपला प्रकार शोधावा.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले असून क्विक हील, ई-स्कॅन, के-७ अशा भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने तेथे सफाईची मोफत साधने उपलब्ध करून देण्यात आली. यांतली पहिली कंपनी तर आपल्या पुण्याची. असे असूनही माझ्याकडे येणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांनी या केंद्राचे नावही ऐकलेले नसते, ही बाब खेदाची आहे. आपल्या दैनिकाने या साधनांची, १९३० क्रमांकाची आणि डिफेंडरच्या ऑफलाइन तपासाची माहिती एखाद्या चौकटीत अधूनमधून छापावी, अशी विनंती करतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने जुने संगणक वापरणाऱ्या घरांना त्याची विशेष गरज आहे. ज्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, तिथे क्रॅकच्या वाटेला जाण्यापेक्षा उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली बसवावी. पत्रे टंकणे, हिशेब मांडणे आणि बँकेचे संकेतस्थळ उघडणे एवढ्या कामाला ती पुरते.

दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांनाही एक सूचना कराविशी वाटते. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ ब नुसार संगणकीय प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशा शिक्षेस पात्र गुन्हा आहे, आणि ती प्रत वापरणारा असतो तो ग्राहक. मेहनतीचे रास्त पैसे घेण्याला कोणाचीच हरकत नाही. मात्र संगणक परत देताना पावतीवर कोणती विंडोज भरली, तिचा परवाना कोणता, डिस्कचे सर्व विभाग पुसले की फक्त सी ड्राइव्ह, आणि डिफेंडरच्या अपवादांत काही नोंदवले आहे का, एवढे लिहून सही करण्याची पद्धत संघटनांनी आपल्या सभासदांना लावून द्यावी; आणि तशी पावती मिळेपर्यंत ग्राहकांनी पैसे देऊ नयेत.

आपला नम्र,
एक निवृत्त संगणक प्रयोगशाळा साहाय्यक,
सातारा